दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्या प्रयागवहिनी

प्रयागवहिनींची आणि माझी पहिली भेट रस्त्यावर झाली, तीही भर उन्हात. खामगावहून चिखलीकडे निघालेली आमची भाड्याची मेटॅडोर उंद्रीत बंद पडली होती. आत चहाची खोकी होती. मी तेव्हा एका चहा कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो. मूळचा नाशिककडचा, खामगावात खोली करून राहणारा, नोकरीत नवा आणि या भागाला त्याहून नवा. गाडी ओढून न्यायची तर आधी रिकामी करावी लागेल, असे सांगून चालकाने खोकी उतरवली आणि रस्त्याच्या कडेला रचायला सुरुवात केली. समोरच्या घरातून तिशीच्या आतल्या एक बाई हातातले सूप तसेच घेऊन बाहेर आल्या.

“कोनाचा माल व्हय हा?” त्यांनी विचारले.

“कंपनीचा,” मी म्हणालो.

“कंपनी कुठी बसली अन् माल कुठी पडला! आज तं तुमच्या हाती हाय ना? मंग उन्हात काऊन ठेवून राह्यले? आना घरात.”

त्यांच्या ओसरीवर खोकी आली. उपकाराची परतफेड म्हणून म्हणा किंवा नव्या नोकरीचा तोरा म्हणून म्हणा, मी त्यांना प्रशिक्षणात शिकवलेली एक गोष्ट सांगितली. चहा वास धरतो, त्याच्याजवळ उग्र वासाची वस्तू ठेवू नये. मी हे सहज बोलून गेलो होतो. वहिनींनी मात्र ते मनावर घेतले. कोपऱ्यातला रॉकेलचा डबा परसात गेला. त्यामागून वाळत घातलेल्या मिरच्या गेल्या, हिंगाची डबी माजघरात गेली. शेवटी त्यांचे यजमान दादाराव शेतातून येऊन ओसरीवर टेकले आणि त्यांनी बिडी काढली, तर त्यांनाही उठावे लागले. “तिकळे गोठ्यात जाऊन प्या. पाव्हन्याचा चहा हाय इथी.” दादाराव माझ्याकडे पाहून हसले आणि मुकाट्याने गोठ्याकडे गेले. आमची मैत्री त्याच हसण्यापासून सुरू झाली.

वहिनींना यंदा पंच्याहत्तरावे वर्ष लागले. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी लिहायला मला सांगण्यात आले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आजचे मोठे गोदाम आले नाही, ती ओसरीच आली. बुलढाणा जिल्ह्यातल्या नव्या पिढीला वहिनी माहीत आहेत त्या चिखली रस्त्यावरच्या लांबलचक टिनाच्या शेडच्या मालकीणबाई म्हणून. कारखानदार आपला माल तिथे आणून टाकतात आणि निर्धास्त होतात. तो साठवणे, जपणे, दुकानदारांच्या मागणीप्रमाणे वेगळा करणे आणि गावोगाव पोचवणे हे सगळे वहिनींची माणसे करतात. अशा कामाला आता मोठमोठी नावे आहेत. आम्ही सुरुवात केली तेव्हा त्याला नावच नव्हते. “त्या बाईच्या घरी माल ठेवतात” एवढेच लोक सांगत.

त्या दिवसानंतर मी दर खेपेला उरलेली खोकी खामगावला परत नेण्याऐवजी उंद्रीतच ठेवू लागलो. पुढच्या खेपेला तिथूनच अमडापूर, चिखलीकडे माल निघायचा. माझी फेरी निम्मी झाली, दुकानदारांना वेळेवर चहा मिळू लागला. हे पाहून साबणाच्या एजंटांनीही वहिनींना गळ घातली. वहिनींनी होकार दिला, पण अट अशी की साबण ओसरीवर यायचा नाही. चहाशेजारी तर मुळीच नाही. मग जागा कुठली? घरात उरली होती ती नवराबायकोची झोपायची खोली. साबण तिथे गेला आणि दादारावांची खाट अंगणात आली. थंडी पडली तेव्हा दादाराव पुन्हा खोलीत शिरले आणि साबणाच्या खोक्यांमध्ये झोपू लागले. सकाळी ते पारावर गेले की मित्र नाक वर करून विचारत, “काऊन बे दादाराव, आज सासुरवाडीले चालला का काय?” दादाराव हा किस्सा स्वतःच सांगतात, आणि सांगताना अजून दंडाचा वास घेऊन दाखवतात.

घर भरले. मग रस्त्यालगतच्या त्यांच्या शेताच्या पट्ट्यात शेड उभारायचे ठरले. कसदार जमीन होती, नात्यातल्या माणसांनी विरोध केला. दादाराव एवढेच म्हणाले, “कापूस तं दरसाल पेरतो. एक डाव टीन पेरून पाहू.” शेतकरी माणसाने चांगली जमीन टिनाखाली घालायला किती धीर लागतो, हे आपल्या भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वहिनींच्या यशाविषयी बोलताना दादारावांचे हे एक वाक्य कोणी विसरू नये, म्हणून ते इथे लिहून ठेवले.

गोदामात वहिनींचे नियम कडक होते आणि आहेत. कोणत्याही खोक्यावर कोणीही बसायचे नाही. एकदा उद्घाटनाला आलेले एक वजनदार पाहुणे गप्पांच्या ओघात बिस्किटांच्या खोक्यांवर टेकले. आम्ही सारे एकमेकांकडे पाहू लागलो. वहिनी हात जोडून पुढे झाल्या. “साहेब, खुर्ची आनतो तुमच्यासाठी. हे दुसऱ्याचं होय.” त्या ‘आणतो’ म्हणाल्या, ‘आणते’ नव्हे. वऱ्हाडातल्या बायका स्वतःविषयी असेच बोलतात. मला सुरुवातीला त्याचे नवल वाटे, आता माझ्या घरातही तसेच बोलले जाते.

ट्रक भरण्याआधी त्याची तपासणी वहिनी स्वतः करत. रिकाम्या ट्रकवर ताडपत्री टाकून सगळीकडून बांधायला लावत आणि भर दुपारी त्या आत जाऊन बसत. बाहेर चालक आणि हमाल हसत उभे. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, “इकळे एक भोक हाय, तिकळे दोन.” जिथून उन्हाचा ठिपका आत पडतो तिथूनच पाणी पडणार, हा त्यांचा साधा हिशेब. ठिगळ लागेपर्यंत ट्रक हलायचा नाही. घामाने निथळत बाहेर येणाऱ्या वहिनींना हमाल पाण्याचा तांब्या देत. पुढेपुढे त्या हसण्याची जागा आदराने घेतली.

हमालांविषयी त्यांना वेगळीच काळजी होती. पाठीवर पोते घेऊन वाकलेला माणूस पाहिला की त्यांना बोलल्यावाचून राहवत नसे. त्यांनी हातगाड्या आणल्या, तेव्हा हमालांनीच काम थांबवले. गाड्या आल्या म्हणजे माणसे कमी होणार, ही भीती होती. वहिनींनी सगळ्यांना शेडच्या सावलीत बसवले आणि विचारले, “तुमच्यापैकी कोनाच्या बापाची कंबर सरळ हाय, सांगा मले.” मग स्वतःच पुढे म्हणाल्या, “मंग तुमची बी तशीच करू का? मानूस एक बी कमी होनार नाई, हा माझा शब्द.” तो शब्द त्यांनी पाळला. माल वेगळा करणाऱ्या बायकांची लहान मुले सोबत येत. त्यांच्यासाठी गोदामातली सर्वांत हवेशीर खोली वहिनींनी रिकामी करून दिली. तिथे ओळीने झोळ्या टांगलेल्या असत. बाहेरगावचे व्यापारी माल पाहायला येत आणि बिस्किटांच्या मागून रडण्याचा आवाज आला की चमकत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे येतो. तो अनेकांनी ऐकला आहे, पण ऐकीव कथेत पुष्कळ भर पडली आहे. मी तिथे होतो, म्हणून जसे घडले तसे सांगतो.

गोदामाचा स्वतःचा ट्रक आला होता आणि तो चिखलीचे हनीफभाई चालवत. शांत स्वभावाचे, गाडीला लेकरासारखे जपणारे गृहस्थ. एका सकाळी खामगावहून चहा, साबण आणि इतर किराणा भरून ते निघाले. उंद्रीत न थांबता त्यांना थेट चिखलीला आणि तिथून पुढे बीबी गावापर्यंतच्या दुकानांना माल द्यायचा होता. मी त्या दिवशी उंद्रीच्या गोदामात आलो होतो. उन्हे चढली तेव्हा मोटारसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, “तुमचा ट्रक उलटला, अमडापूरच्या तिकळे.”

गोदामाची जीप होती. दादारावांनी ती काढली. वहिनी आणि मी मागे बसलो. अमडापूरच्या पुढे एका वळणावर पोचलो तर ट्रक रस्ता सोडून शेतात आडवा झाला होता. समोर अचानक बैलगाडी आली म्हणून हनीफभाईंनी तो वळवला होता. गाडीवाला आणि बैल सुखरूप होते. खोकी दूरवर विखुरलेली. जवळच्या गावातली माणसे गोळा झाली होती आणि, खरे ते सांगितले पाहिजे, काहींनी खोकी उचलायला सुरुवात केली होती. बायकांच्या ओच्यात साबणाच्या वड्या दिसत होत्या. हनीफभाईंना लोकांनीच केबिनमधून ओढून काढून लिंबाखाली निजवले होते. डाव्या पायाची अवस्था पाहवत नव्हती. रक्त थांबत नव्हते, पण शुद्ध होती.

वहिनींना पाहताच ते उठायला धडपडले. “वहिनी, माल…”

“माल गेला चुलीत. तू डोये नको मिटू फक्त.” वहिनींनी लुगड्याचा पदर फाडला आणि जखमेवर घट्ट बांधला.

त्या काळी फोन केला की रुग्णवाहिका येते अशी सोय नव्हती. आमची जीप हेच वाहन. दादाराव चालवणार होते. हनीफभाईंचे डोके कोणीतरी मांडीवर घ्यायला हवे होते आणि पाय कोणीतरी धरून ठेवायला हवा होता. मी कंपनीचा माणूस. आम्ही वहिनींशी केलेल्या करारात स्पष्ट अट होती की, वाटेत काहीही झाले तरी मालाजवळ जबाबदार माणूस हजर पाहिजे. मी म्हणालो, “वहिनी, मी इथे थांबतो.”

“भाऊजी, तुमी पाय धरा,” वहिनी म्हणाल्या. “मले एकटीले दोन्ही नाई जमनार.”

मी पाय धरला. आम्ही हनीफभाईंना जीपमध्ये ठेवले. निघण्याआधी वहिनी खाली उतरल्या. समोर एक पन्नाशीचे गृहस्थ डोक्यावर चहाचे खोके घेऊन गावाकडे निघाले होते. वहिनी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

“नाव काय जी तुमचं?”

ते गृहस्थ गोंधळले. डोक्यावर खोके, त्यामुळे मान हलवता येईना. “देविदास,” ते म्हणाले.

“देविदासभाऊ, मी याले दवाखान्यात पोचवून येतो. हा माल माझा नाई. दुकानदाराइचा होय, ते वाट पाहून राह्यले. मी येईपर्यंत तुमच्या भरोशावर ठेवून चाललो.”

एवढे बोलून त्या जीपमध्ये बसल्या. जीप वळली तेव्हा मी मागे पाहिले. देविदासभाऊ खोके डोक्यावर घेऊन तसेच उभे होते. पुढे जाईनात आणि खालीही ठेवीनात.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हनीफभाईंना लगेच आत घेतले. बाहेर येऊन ते म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर पाय तर गेलाच असता, कदाचित माणूसही. हनीफभाईंच्या पत्नी येईपर्यंत वहिनी बाकावर बसून राहिल्या. त्या आल्यावर दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. वहिनींच्या लुगड्यावर रक्त वाळले होते, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. मला मालाची काळजी लागली होती, हे मान्य करतो. कंपनीला काय सांगायचे, हे वाक्य मी मनात जुळवत होतो.

दिवस मावळायच्या आत आम्ही परत त्या वळणावर पोचलो. मला वाटले होते की उलटा ट्रक तेवढा उरला असेल. पण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोकी रचलेली होती आणि ट्रकची ताडपत्री त्यांच्यावर ओढून कडेने दगड ठेवलेले होते. देविदासभाऊ तिथेच उकिडवे बसले होते. त्यांच्यासोबत गावातले चारदोन तरणे पोट्टे काठ्या घेऊन उभे. आम्हाला पाहताच देविदासभाऊ उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मानूस कसा हाय?”

“वाचला,” वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना पहिल्यांदा रडू आले.

मी ताडपत्री उचलून पाहिले. चहा आणि साबण एकत्र रचलेले होते. फुटलेल्या साबणाच्या वड्या चहाच्या खोक्यांना टेकलेल्या. तो चहा आता विकण्याजोगा राहिला नव्हता. माझ्या तोंडून शब्द निघणार, तोच वहिनींनी माझा हात दाबला. “लय बराबर रचलं भाऊ तुमी,” त्या देविदासभाऊंना म्हणाल्या.

सगळाच माल मिळाला असे नाही. काही खोकी गेली ती गेलीच. पण पुढच्या काही दिवसांत त्या गावातून कोणी ना कोणी गोदामाच्या दारात यायचे आणि पिशवी ठेवून न बोलता निघून जायचे. एक म्हातारी आजीबाई बसने आल्या. त्यांच्या हातात चहाचा अर्धा पुडा होता. “एक डाव केला बाई,” त्या म्हणाल्या, “पन घशाखाली उतरला नाई. साबन लागून राह्यला.” वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. मग त्यांनी आजीबाईंना चांगला चहा करून पाजला आणि बसमध्ये बसवून दिले.

कंपनीचे अधिकारी नागपूरहून चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता. ते वहिनींशी अदबीने बोलले. अपघाताबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती माल सोडून सगळे निघून गेल्याची. “गावातला एखादा माणूस जीपमध्ये घेऊन तुमच्यापैकी एकाला थांबता आलं नसतं का?” त्यांनी विचारले.

प्रश्न योग्य होता. मी उत्तर शोधू लागलो. कशीतरी सारवासारव करावी, गर्दी फार होती, कोणी ऐकत नव्हते, असे काहीतरी सांगावे असे मला वाटत होते.

वहिनी म्हणाल्या, “आलं असतं साहेब. तवा सुचलं नाई. तुमचं म्हननं बराबर हाय. तुमचा माल सोडून मी गेलो, हे खरं हाय. पन एक आत्ताच सांगून ठेवतो. पुन्हा असं झालं, अन् मले वाटलं का मानूस हातचा चालला, तं मी पुन्हा जाईन. मागून तुमाले फसवल्यासारखं नको वाटाले.”

अधिकाऱ्यांनी हातातली वही मिटली. शेवटचे वाक्य वहिनींनी गाळले असते, तर ते प्रकरण तिथेच मिटले असते असे मला अजून वाटते. नुकसान विम्यातून भरून निघणार होते. पण त्यांच्यापुढे बसलेली बाई पुढच्या वेळचाही शब्द आधीच देऊन मोकळी झाली होती. त्यांनी वर काय कळवले ते मला माहीत नाही. मी माझ्या परीने वरिष्ठांना भेटून वहिनींची बाजू मांडली, पण उपयोग झाला नाही. चहाचे काम दुसऱ्या गावी गेले. शेवटचा ट्रक भरताना वहिनी नेहमीप्रमाणे ताडपत्रीखाली जाऊन बसल्या आणि भोके शोधून आल्या. “जाऊन राह्यला तरी कोरडा गेला पायजे,” त्या म्हणाल्या. मला तिकडे पाहवेना.

त्यानंतरचा काळ कठीण होता. चहा हाच गोदामातला मोठा माल होता. अर्धे शेड ओस पडले. हमाल सकाळी येत आणि सावलीत बसून राहत. वहिनींनी एकालाही घरी पाठवले नाही. शेतातली कामे काढली, गोदामाची फरशी पुन्हा बसवून घेतली, उगाचच भिंतींना चुना दिला. त्याच सुमारास मला दूरच्या राज्यात बदलीचा हुकूम आला. माझी आई खामगावात माझ्याजवळ असे आणि तिची प्रकृती प्रवास करण्याजोगी नव्हती. मी निरोप घ्यायला उंद्रीला गेलो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, जाऊ नका म्हननारी मी कोन? पन आपल्या गोदामात एक टेबल रिकामा हाय.” काम नसलेल्या गोदामात त्या मला नोकरी देत होत्या. मी घरी जाऊन पत्नीला विचारले. ती म्हणाली, “मग इतका विचार कसला करताय?” मी राजीनामा दिला आणि त्या टेबलाशी बसलो, तो निवृत्त होईपर्यंत उठलो नाही.

मग देऊळगाव राजाकडचे बियाणेवाले आले. कांद्याचे आणि भाजीपाल्याचे बी करणाऱ्या तिकडच्या शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना कोरडी, थंड जागा हवी होती. बी हा जिवंत माल. दमट हवा लागली की उगवण जाते आणि पेरणाऱ्याचा अख्खा हंगाम वाया जातो. वहिनींनी शेडला आतून छत घातले, लाकडी फळ्यांवर पोती चढवली आणि ओल्या पायांनी कोणी आत येऊ नये म्हणून दारात पोत्याचे जाड पायपुसणे टाकले. गोदाम भरले, नंतर वाढले. माणसासाठी माल सोडला म्हणून देवाने चांगले दिवस दाखवले, असे लोक सांगतात. वहिनींना हे अजिबात आवडत नाही. “जागा रिकामी व्हती म्हनून आले ते,” असे त्या स्पष्ट सांगतात. मीही तसेच लिहितो. पण पहिल्या खेपेला बी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला वहिनींनी सर्वांत आधी काय सांगितले, ते मला आठवते. “आमचा ट्रक उलटला व्हता अन् मी माल सोडून गेलो व्हतो. हे तुमाले दुसऱ्याकडून कयाच्या आधी मीच सांगतो.” व्यापारी म्हणाला, “कळलं हाय जी. उतरवू का पोती?”

हनीफभाईंचा पाय वाचला, पण ते पुन्हा ट्रक चालवू शकले नाहीत. ते गोदामाच्या आवारात माल भरण्यावर देखरेख करू लागले. नवा चालक आला की ताडपत्री कशी बांधायची, दोर कुठून कसा फिरवायचा हे ते शिकवतात, आणि वळणावर बैलगाडी दिसली तर काय करायचे हेही. देविदासभाऊ हयात होते तोवर दर दिवाळीला वहिनींकडे फराळाला येत.

वहिनींनी माझ्यावर केलेल्या मायेविषयी लिहायचे तर पाने पुरणार नाहीत. एकच सांगतो. शेवटच्या दिवसांत माझ्या आईची ओळख हरपली होती. मला ती परका माणूस समजे. “मला माहेरी जायचंय, गाडीची वेळ झाली,” असे म्हणत ती दारापर्यंत जायची आणि अडवले की रडायची. वहिनी खामगावला बाजाराच्या दिवशी येत, तेव्हा सगळे काम आटोपून आईजवळ बसत. आईने गाठोडे बांधले की त्याही पदर सावरून तिच्या शेजारी खाटेवर बसत. “हाव माय, मी बी येतो तुमच्यासंगं. बस याची हाय अजून. तोवर च्या घेऊ.” मग दोघी बसची वाट पाहत बसत. आई त्यांना माहेरच्या विहिरीविषयी, भावांविषयी सांगे. वहिनी जणू त्याच गावच्या असल्यासारखे विचारत, “अन् धाकल्याचं लग्न झालं का?” चहा संपेपर्यंत आईचा जीव शांत होई. त्या दिवशी मग ती दाराकडे जात नसे. मुलगा असून मला जे सुचले नव्हते, ते वहिनींनी न सांगता केले.

आता गोदाम त्यांच्या सूनबाई अर्चनाताई सांभाळतात. प्रत्येक खोक्यावर पट्टी चिकटवलेली असते, ती यंत्रापुढे धरली की माल कुठला, कुठे जायचा हे पडद्यावर दिसते. ट्रक कुठल्या रस्त्यावर आहे तेही जागेवर बसून कळते. वहिनींनी हे सगळे कौतुकाने पाहून घेतले. मग विचारले, “अन् चालकानं जेवन केलं का नाई, हे दिसते का यात?” अर्चनाताई हसल्या, पण त्या दिवसापासून दुपारी प्रत्येक चालकाला एक फोन जातो. त्यात मालाविषयी काही विचारत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी वहिनींना भेटायला गेलो होतो. त्या अंगणात दादारावांना पेरू कापून देत होत्या. बोलता बोलता मी विचारले, “वहिनी, आता काही करायचं राहिलं आहे का?”

त्यांनी थोडा विचार केला. “भाऊजी, एवढे वर्सं मी गावोगाव माल धाडला. पन त्यातले निम्मे गावं मी पाह्यलेच नाई. नुसते नावं माहीत हायेत.”

हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मग ठरले की वहिनींनी माल घेऊन जाणाऱ्या गाडीतून, चालकाशेजारी बसून, एकेक रस्ता पाहायचा. पहिली फेरी बीबीकडची झाली आणि मी सोबत होतो. प्रत्येक दुकानापुढे गाडी थांबली की वहिनी हळूहळू खाली उतरत. बीबीच्या एका किराणा दुकानदारांनी त्यांचा आवाज ऐकला आणि काट्यावरचा माल तसाच ठेवून ते बाहेर आले. “तुमीच का त्या उंद्रीच्या? माझ्या वडलापासून फोनवर हाच आवाज आयकून राह्यलो मी!” त्यांनी घरातून बायकोला, मुलींना बोलावले. दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवर वहिनींना बसवले आणि सगळे भोवती उभे राहिले. वहिनी फळ्यांवरून नजर फिरवत होत्या. चहा, साबण, बिस्किटे, बियाण्यांची पाकिटे, सगळे ओळीने मांडलेले. शेवटी त्या म्हणाल्या, “चांगला पोचला की हो.”

त्यानंतर चिखली तालुक्यातल्या बऱ्याच गावांची फेरी झाली. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली आहे आणि प्रत्येक दुकानात गोड चहा पुढे येतो. सूनबाई रागावतात. वहिनी दोन घोट घेतात आणि उरलेला माझ्याकडे सरकवतात. अजून लोणारकडची कितीतरी गावे आहेत, मेहकरची आहेत, सिंदखेड राजाकडची आहेत.

वहिनी, तुम्ही ही सगळी गावे पाहावीत, घाई न करता, एका दिवशी एकच गाव असे पाहावीत. तुमचे गुडघे तुम्हाला गाडीच्या पायरीवर चढू देवोत, दादाराव तुमची वाट पाहत अंगणात बसलेले असोत, आणि तुमच्या वाट्याचा गोड चहा पिण्याचे काम मला पुष्कळ वर्षे मिळो. गोदामातल्या आम्ही सर्वांनी आपसात एक ठरवले आहे, ते इथे जाहीर करतो. तुमच्या फेरीत एक गाव पाहून झाले की आम्ही वाटपाच्या रस्त्यावर नवे गाव जोडू. तुमची पाहायची गावे आम्ही संपू देणार नाही.